जुना ट्रॅक्टर घेताना : आधी काम मोजा, मग एच.पी.



यंदाच्या कापणीच्या सणाचे अर्पण पाड्यांवरील शेतकरी गटांच्या ट्रॅक्टरसाठी द्यावे, असे काही मंडळ्यांनी ठरवल्याचे कळवले आहे. त्यांच्या पत्रांत बहुधा एकच प्रश्न आहे : "चार-साडेचार लाख रुपये जमतील. तेवढ्यात जुना ट्रॅक्टर कोणता घ्यावा, आणि तो किती एच.पी.चा असावा?" संस्थेच्या शेतीविभागात काम करताना नवापूर तालुक्यातील पाड्यांच्या गटांबरोबर मी अनेक जुने ट्रॅक्टर पाहायला गेलो आहे. काही घेतले, बरेच सोडून दिले. त्या अनुभवावरून हा अभ्यासपाठ लिहीत आहे. तरुण संघ, महिला मंडळ आणि पंचकमिटी यांनी तो एकत्र बसून वाचावा, ही विनंती.

१. ट्रॅक्टर कशासाठी हवा?

आपल्या पाड्यांवर बहुतेक शेती पावसावरची. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की दोन-तीन दिवसांनी जमिनीला वाफसा येतो, आणि पेरणीची तयारी त्याच दिवसांत उरकावी लागते. भाड्याचा ट्रॅक्टर त्या आठवड्यात पाड्यावर येत नाही. मालक आधी स्वतःची जमीन करतो, मग दहा-वीस एकरवाल्याची. दहा गुंठ्यांचे तुकडे असलेल्या शेतकऱ्याचा नंबर शेवटी लागतो. तोवर पुन्हा पाऊस लागतो आणि वाफसा जातो.

पेरणी उशिरा झाली की पीक कमी येते. घरात धान्य पुरले नाही, तर दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जाते आणि मुलांचे शाळेचे वर्ष अर्धवट सुटते. म्हणून ट्रॅक्टर निवडताना आपण खरे तर त्या जूनच्या आठवड्यासाठी यंत्र निवडत असतो. बाकीचे अकरा महिने तो काय करील, हा नंतरचा विचार.

सगळी जमीन ट्रॅक्टरची नसते, हेही आधीच मान्य करू. डोंगरउतारावरच्या जमिनीवर बैलच बरे. आडव्या उतारावर ट्रॅक्टर उलटतो आणि चालक खाली सापडतो. तेव्हा एकूण एकर मोजताना उताराचे एकर प्रथम वजा करावेत आणि बैलजोड्या विकण्याची घाई करू नये.

२. एच.पी. म्हणजे काय?

एच.पी. म्हणजे अश्वशक्ती. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला जेवढी शक्ती लागते, ती एक अश्वशक्ती. चांगली बैलजोडी दिवसभर ओढताना सुमारे एक अश्वशक्ती देते, असे धरले तर अंदाज येतो.

बॉनेटवर किंवा जाहिरातीत लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. मागच्या पी.टी.ओ. शाफ्टवर, म्हणजे जिथून रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र फिरते तिथे, त्यातले साधारण ८५ टक्के पोहोचतात. ३६ एच.पी.च्या ट्रॅक्टरला पी.टी.ओ.वर ३० एच.पी.च्या आसपास मिळतात. नांगर ओढताना चाके घसरतात, त्यामुळे ओढीला मिळणारी शक्ती त्याहूनही कमी. शिवाय जुन्या, झिजलेल्या इंजिनाची मूळ ताकद राहिलेली नसते. म्हणून जुना ट्रॅक्टर घेताना गरजेपेक्षा चार-पाच एच.पी. हातचे ठेवावेत.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. ट्रॅक्टरच्या मॉडेलांची तिथे चाचणी होते आणि पी.टी.ओ.ची शक्ती, डिझेलचा खप, लिफ्टची ताकद हे आकडे अहवालात दिलेले असतात. एजंटच्या सांगण्यापेक्षा त्या अहवालावर भरवसा ठेवावा.

३. पाड्याचे काम मोजू

आता एक उदाहरण करून पाहू. एका गटाकडे मिळून ५८ एकर जमीन होती. उतारावरची १४ एकर बैलांसाठी सोडली, तेव्हा उरली ४४ एकर. उन्हाळ्यातली नांगरट आणि कल्टिव्हेटरची पाळी सवडीने करता येते, ती या हिशेबात धरायची नाही. वाफशाच्या दिवसांत रोटाव्हेटरची एक पाळी मारायची आहे आणि पावसाची उघडीप धरून हाताशी आहेत आठ दिवस.

पाच फुटी रोटाव्हेटर मोकळ्या शेतात तासाला पाऊण ते एक एकर करतो. आपल्या लहान तुकड्यांत वळण्यात वेळ जातो, म्हणून एकराला दीड तास धरू. ४४ एकरांना ६६ तास, म्हणजे आठ दिवसांत रोज सव्वाआठ तास. एका चालकाला हे जमते आणि थोडी बिघाडाची सवडही राहते.

रोटाव्हेटरला फुटाला साधारण ७ ते ८ एच.पी. लागतात. हलक्या जमिनीत ७, काळ्या चिकट जमिनीत ८. पाच फुटांना ३५ ते ४० एच.पी. झाले. ही आपली गरज.

आता याहून लहान आणि याहून मोठा ट्रॅक्टर लावून पाहू. २५ एच.पी.चा ट्रॅक्टर साडेतीन फुटी रोटाव्हेटर चालवील. त्याला एकराला सव्वादोन तास लागतील, एकूण ९९ तास, म्हणजे रोज बारा तासांहून जास्त. एक दिवस पाऊस पडला किंवा एक नळी फुटली की शेवटची आठ-दहा घरे राहून जातील. गट पंधरा-वीस एकरांचा असेल, तर मात्र हाच २५ एच.पी. उत्तम आणि स्वस्त.

५० एच.पी.चा ट्रॅक्टर सहा फुटी रोटाव्हेटर घेऊन हेच काम सुमारे ५५ तासांत करील. वाचले अकरा तास. त्यासाठी किंमत जास्त, डिझेल जास्त, आणि यंत्राचे वजन दोन टनांच्या घरात. भाताच्या खाचरात तो रुततो, वळताना बांध मोडतो, आणि बांधाखालच्या शेजाऱ्याशी भांडण होते. एका पाड्यावर कोणीतरी चांगल्या मनाने दिलेला असा मोठा ट्रॅक्टर मी पाहिला. गटाला त्याचे डिझेल परवडेना, म्हणून तो रस्त्याच्या कामावर भाड्याने जाई, आणि जूनमध्येही पाड्यावर नसे.

आपल्या गटाचे आकडे वेगळे असतील. पद्धत मात्र हीच : एकर मोजा, दिवस मोजा, त्यावरून अवजाराची रुंदी काढा आणि रुंदीवरून एच.पी.

४. कोणते मॉडेल?

३५ ते ४० एच.पी.मध्ये आपल्या भागात जुने म्हणून जे ट्रॅक्टर सहज मिळतात त्यांत मॅसी फर्ग्युसन १०३५ (३६ एच.पी.), महिंद्रा २७५ (३९ एच.पी.) आणि स्वराज ७३५ (सुमारे ४० एच.पी.) ही नावे येतील. वर्षानुसार आकड्यांत थोडा फरक पडतो. जमीन काळी आणि चिकट असेल, तर हातचे एच.पी. राहावेत म्हणून ४० च्या बाजूला झुका. जमीन हलकी असेल, तर ३६ चालतो.

कोणती कंपनी चांगली, यावर पाड्यावर रात्र रात्र वाद रंगतात. माझा सल्ला साधा आहे. तालुक्याच्या गावी जाऊन मिस्त्रीला आणि सुट्या भागांच्या दुकानदाराला विचारा : "कोणत्या ट्रॅक्टरचे सामान तुमच्याकडे नेहमी असते?" क्लच प्लेट, फिल्टर, नोझल, पाण्याचा पंप हे त्याच दिवशी मिळाले पाहिजे. सुट्या भागासाठी आठ दिवस थांबावे लागले, तर वाफशाचे आठ दिवस तिथेच संपतात.

५. ट्रॅक्टर तपासताना

मिस्त्री आपला न्यावा, विक्रेत्याने आणलेला नको. त्याला दिवसाची मजुरी द्यावी. सकाळी जावे आणि पुढील क्रमाने पाहावे.

*इंजिन थंड आहे का?* पोचताच इंजिनाला हात लावा. ते गरम असेल तर आधीच चालू करून ठेवले आहे, म्हणजे थंडीत चालू व्हायला त्रास देत असावे. थंड होईपर्यंत थांबा.

*पाणी आणि तेल.* थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, किंवा इंजिन चालू केल्यावर सतत बुडबुडे आले, तर हेड किंवा गॅस्केट गेलेले आहे. इंजिनाचे किंवा गिअरचे तेल दुधट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे.

*धूर.* सुरू करताना थोडा धूर येतोच. गरम झाल्यावरही निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे, म्हणजे रिंगा-पिस्टनचे मोठे काम निघेल. ओझ्याखाली दाट काळा धूर आला तर एअर क्लीनर चोंदला आहे किंवा नोझल-पंपाचे काम आहे. ते तुलनेने स्वस्त. पांढरा धूर थांबलाच नाही तर पाणी किंवा न जळलेले डिझेल बाहेर पडते आहे. चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण जपून काढून पाहा. तिथून जोरात भपकारे येत असतील तर सिलिंडर झिजले आहेत.

*लिफ्ट.* मागे अवजार लावून वर उचला आणि इंजिन बंद करा. दहा मिनिटे उभे राहा. अवजार भराभर खाली बसले तर हायड्रॉलिकचे काम आहे.

*ब्रेक.* मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. दोन्ही स्वतंत्र आणि मग जोडून तपासा. आपल्या घाटरस्त्यांवर हा मुद्दा जिवाचा आहे. रस्त्यावर दोन्ही पेडल जोडणारी कडी जागेवर आहे की नाही, तेही पाहा.

*गिअर, क्लच, स्टिअरिंग.* चढावर ओझे घेऊन चालवा. गिअर आपोआप निसटतो का? क्लच घसरतो का? पुढचे चाक उचलून हलवा, किंगपिन आणि बेअरिंग ढिली आहेत का ते कळेल.

*टायर.* मागच्या टायरांच्या नक्ष्या झिजल्या असतील तर नव्या जोडीचा भाव दुकानात विचारून तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगा.

*आवर मीटर.* हिशेबासाठी ट्रॅक्टरचे आयुष्य १० वर्षे किंवा १०,००० तास धरतात. बारा वर्षांच्या ट्रॅक्टरचे मीटर २,००० तास दाखवत असेल, तर तो वर्षाला २०० तासही चालला नाही असा अर्थ होतो. क्लच-ब्रेकची पेडले गुळगुळीत झिजलेली असतील, तर मीटर मध्येच बंद पडले होते हे ओळखा.

*नवा रंग.* नुकताच रंग मारला असेल तर हाऊसिंगचे जोड नीट पाहा. वेल्डिंगच्या खुणा आणि तेलाची गळती रंगाखाली झाकतात.

शेवटी एक तास प्रत्यक्ष शेतात रोटाव्हेटर चालवून पाहा. इंजिनाचा आवाज दबला, तापमानाचा काटा चढत गेला, ऑइलचा दाब उतरला, तर बॉनेटवरचे एच.पी. आता त्या इंजिनात नाहीत. विक्रेता हा एक तास द्यायला तयार नसेल, तर नमस्कार करून परत यावे.

६. कागदपत्रे

यंत्र चांगले आणि कागद वाईट, असे ट्रॅक्टर बाजारात खूप. विसार देण्यापूर्वी हे पाहा.

आर.सी. बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. आर.सी.वर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हवा. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या लागतात. विकणारा एजंट असला तरी सही आर.सी.वरच्या मालकाचीच. हप्ते थकल्यामुळे फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेला ट्रॅक्टर असेल, तर आर.सी. आधी त्यांच्या नावावर झालेली आहे का ते तपासा.

नवापूरचे रेल्वे स्टेशनच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तेव्हा आपल्याकडे गुजरातचे ट्रॅक्टर विकायला येणारच. त्यासाठी तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणि मग नंदुरबारला नवी नोंदणी लागते. तो खर्च आणि वेळ किमतीत धरा. नोंदणीची मुदत पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे असते. ती संपत आली असेल, तर नूतनीकरणाचाही विचार करा. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत विमा नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते.

ट्रॅक्टर कोणाच्या नावावर राहील, हे खरेदीपूर्वी लेखी ठरवा. एका घराच्या नावावर घेतला, तर दुसऱ्या वर्षी तो त्याच घराचा होतो. नोंदणी झालेल्या गटाच्या किंवा संस्थेच्या नावावर घ्यावा आणि चालकाकडे वैध परवाना असावा. आणखी एक विनंती : संमेलनाला किंवा लग्नाला ट्रॉलीत माणसे बसवून नेऊ नका. ते कायद्याविरुद्ध आहे, आणि अपघात झाला तर विमा मिळण्याची आशा धरता येत नाही.

७. पैशांची विभागणी

साडेचार लाख जमले म्हणून साडेचार लाखांचा ट्रॅक्टर घेऊ नये. मी गटांना पुढीलप्रमाणे वाटणी सुचवतो. ट्रॅक्टर ३ लाखांपर्यंत. पहिल्या वर्षाची दुरुस्ती, तेल आणि फिल्टर ५० हजार. जुना रोटाव्हेटर व कल्टिव्हेटर ६० हजार. कागदपत्रे आणि विमा २० हजार. पहिल्या हंगामाचे डिझेल २० हजार. ट्रॅक्टर आला पण अवजार नाही, किंवा टाकीत डिझेल नाही, अशी स्थिती जूनमध्ये आली तर देणगी असून नसल्यासारखी होते.

सरकारी अनुदान नव्या ट्रॅक्टरला आणि नव्या अवजारांना मिळते, जुन्याला नाही. अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांना अनुदानाचा दर जास्त आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची, आधी केल्यास अनुदान मिळत नाही. ट्रॅक्टर जुना घेऊन रोटाव्हेटर अनुदानावर नवा घेण्याचा मार्गही चांगला आहे.

८. तासाचा दर

फुकट चालवलेला ट्रॅक्टर दोन वर्षांत बंद पडतो. रोटाव्हेटरला तासाला सुमारे ५ लिटर डिझेल धरू. ९० रुपये भावाने ४५० रुपये. चालकाचे १०० रुपये. दुरुस्ती आणि पुढच्या ट्रॅक्टरच्या निधीचे २०० रुपये. तासाला ७५० रुपये झाले. वर्षाला ३०० तास काम झाले, तर निधीत ६० हजार जमतात. पाच वर्षांत, दुरुस्ती वजा जाऊनही, पुढच्या ट्रॅक्टरचा मोठा वाटा गटाच्या हाती असतो आणि तेव्हा मंडळ्यांपुढे पुन्हा हात पसरावा लागत नाही. विधवा बहीण किंवा आजारी शेतकरी यांना सवलत द्यायची असेल, तर ती गटाने ठरवून वहीत लिहावी. चालकाच्या मर्जीवर सोडू नये.

वही गटातल्या बहिणींकडे द्यावी, असे मी सुचवतो. जिथे त्यांच्याकडे आहे तिथे तास आणि पैसे यांचा मेळ बसलेला मी पाहिला आहे. तसेच जूनमधला नंबर चिठ्ठी टाकून मे महिन्यातच लावावा, म्हणजे पहिल्या पावसानंतर वाद होत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपण ज्या गटाला मदत करणार आहोत त्याची सपाट जमीन किती एकर, आणि उताराची किती?

२. पेरणीपूर्वी त्यांच्या हाती खरोखर किती दिवस असतात? गटातील दोन वयस्क शेतकऱ्यांना विचारून लिहा.

३. त्यावरून अवजाराची रुंदी आणि एच.पी. काढा. सर्वांचे उत्तर सारखे येते का?

४. जवळचा मिस्त्री कोण, आणि कोणत्या ट्रॅक्टरचे सामान तालुक्यात त्याच दिवशी मिळते?

५. ट्रॅक्टर कोणाच्या नावावर, वही कोणाकडे, आणि तासाचा दर किती?

या पाच प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून अर्पणाबरोबर आमच्याकडे पाठवावीत. ट्रॅक्टर पाहायला जाताना तोच कागद आम्ही मिस्त्रीच्या हाती देऊ. खरेदीसाठी जानेवारी ते मार्च हा काळ बरा. गटाला शोधायला, तपासायला आणि दुरुस्त करून घ्यायला सवड मिळते, आणि मे महिन्यात ट्रॅक्टर पाड्यावर उभा असतो.